गढूळ पाणी आणि प्रवाळांचं प्रजनन: चाचणी कशी घ्यायची, कुठे चुकते

प्रवाळ आणि गाळ या विषयावरचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि पर्यावरण आघाताचे अहवाल बहुतेक एकाच जागी फसतात. टर्बिडिटी मीटर (गढूळपणा मोजणारं यंत्र) पाण्यात बुडवायचा, एक आकडा घ्यायचा आणि त्यावरून प्रजननाला धोका आहे किंवा नाही ते ठरवून मोकळं व्हायचं. पण गढूळ पाणी तीन वेगवेगळ्या वाटांनी त्रास देतं: उजेड अडतो, कण पाण्यात तरंगत राहतात, आणि तेच कण खाली बसून थर धरतात. प्रजननाच्या कोणत्या टप्प्याला यातला कोणता फटका बसतो हे आधी ठरवलं नाही, तर पुढची सगळी मोजमापं वाया जातात.

खालचा क्रम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या ॲक्रोपोरा मिलेपोरा या जातीला धरून लिहिला आहे. गाळ आणि फलन यांवरचं बरंच काम याच जातीवर झालं आहे, आणि तिची वेळ ठाऊक आहे. कोकणात काय बदलेल ते शेवटी वेगळं दिलं आहे.

## कामाला हात घालण्याआधी: प्रश्न एकच निवडा

प्रजननाचे टप्पे असे. वसाहतीच्या (म्हणजे जोडून राहणाऱ्या, पॉलिप नावाच्या इवल्या प्रवाळजीवांच्या समूहाच्या) पोटात अंडी आणि शुक्राणू तयार होतात. अंड्यांना यासाठी कित्येक महिने लागतात. पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री ती पुड्या बांधून बाहेर पडतात. पुड्या पृष्ठभागावर येऊन फुटतात, दुसऱ्या वसाहतीच्या शुक्राणूंशी अंड्यांचं फलन होतं. भ्रूण वाढून पोहणारी अळी होते, म्हणजे प्लॅन्युला. काही दिवसांनी ही अळी खडकावर जागा शोधून बसते आणि तिचा पॉलिप होतो.

आता फटके लावून बघा. अंडी तयार होत असतात तेव्हा मुख्य नुकसान उजेड कमी झाल्यामुळे आणि अंगावरचा गाळ झटकण्यात खर्च होणाऱ्या ताकदीमुळे होतं. वसाहतीला अन्न कमी मिळतं, अंडी कमी किंवा लहान होतात. पुड्या वर चढताना कण त्यांना चिकटतात, वजन वाढतं, आणि पुडी पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही असं होऊ शकतं. फलनाच्या वेळी रात्र असते, उजेडाचा प्रश्नच नाही. तिथे तरंगणारे कण शुक्राणूंना अडकवून खाली नेतात. अळी बसताना खडकावर साचलेला थर आडवा येतो.

एका चाचणीत यातला एकच टप्पा धरा. ‘गाळाचा प्रजननावर परिणाम’ हे पुस्तकाचं नाव म्हणून ठीक आहे, एका रात्रीच्या प्रयोगाचं नाही.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात टप्पा, फटक्याचा प्रकार आणि एकक, तिन्ही आहेत का? उदाहरणार्थ, ‘तरंगता गाळ, मिग्रॅ प्रति लिटर, फलनाचं प्रमाण.’ एकक लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे.

## १. परवानगी आणि तारीख

भारतात खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वसाहत उचलणं तर सोडाच, फांदीचा तुकडा तोडायलाही लेखी परवानगी लागते, आणि तिला महिने लागतात. ‘तुटून पडलेलाच तुकडा घेतला’ हा बचाव नाही.

ग्रेट बॅरियर रीफवर ॲक्रोपोराचं मुख्य बीजोत्सर्जन, म्हणजे अंडी-शुक्राणूंच्या पुड्या सोडणं, ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या पौर्णिमेनंतर साधारण चौथ्या ते सहाव्या रात्री होतं. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर मात्र मुख्य हंगाम मार्च-एप्रिलचा आहे. एकाच जागेवरच्या जाती वेळाही वेगवेगळ्या पाळतात: ॲक्रोपोरा टेन्युइस सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात सोडते, तर मिलेपोरा त्यानंतर दोनेक तासांनी. म्हणून दुसऱ्या ठिकाणची तारीख उसनी घेऊ नका.

पौर्णिमेच्या आसपास वसाहतीची एक फांदी टोकाच्या खाली तोडून भिंगाखाली बघा. अंडी गुलाबी-केशरी असतील तर हाच महिना. पांढरी असतील तर अजून वेळ आहे. काहीच दिसत नसेल तर ती वसाहत बाजूला ठेवा.

## २. गाळ कुठून आणायचा, कसा तयार करायचा

इथे सगळ्यात जास्त आळस होतो. रसायनांच्या दुकानातून केओलिन किंवा बेंटोनाइट (तयार मातीची पूड) आणून पाण्यात ढवळलं की झालं, अशी समजूत आहे. गाळाचा परिणाम त्याच्या प्रमाणाइतकाच त्याच्या जातीवर अवलंबून असतो. जैविक अंश जास्त असलेला किंवा गुठळ्या धरणारा चिकणमातीचा गाळ कमी प्रमाणातही फलन घटवतो. स्वच्छ चुनखडीच्या किंवा सिलिकाच्या बारीक कणांना तेवढाच परिणाम साधायला कितीतरी जास्त प्रमाण लागतं. तेव्हा ज्या खाडीबद्दल किंवा ज्या ड्रेजिंगबद्दल (तळ उपसण्याबद्दल) तुम्हाला बोलायचं आहे तिथलाच गाळ घ्या.

क्रम असा:

१. तळाच्या वरच्या थरातला गाळ घ्या. तो ओला आणि थंड ठेवा.

२. समुद्राच्या गाळलेल्या पाण्यात ढवळून ६३ मायक्रोमीटरच्या चाळणीतून ओल्यानेच चाळा. चाळणीवर राहिली ती रेती. ती तरंगत राहात नाही, तिला या चाचणीत जागा नाही.

३. ओव्हनमध्ये वाळवून खलबत्त्यात कुटू नका. वाळवल्यावर चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात, जैविक अंश बदलतो, आणि कुटल्यावर कणांचा आकार तुमच्या मनगटाच्या जोरावर ठरतो.

४. थोडा नमुना वेगळा काढून दोन गोष्टी तपासून घ्या: कणांच्या आकाराची विभागणी, आणि ५५० अंशांवर जाळून कमी झालेलं वजन, म्हणजे जैविक अंश.

५. गाळ २४ तास पाण्यात ठेवून वरचं पाणी बारीक फिल्टरमधून गाळून घ्या आणि बाटलीत भरून ठेवा. या पाण्याचा एक स्वतंत्र कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची बरणी, लावायचा आहे.

पाचवी पायरी बहुतेक जण वगळतात. बंदरातल्या गाळात तेल, धातू, कीटकनाशकं असू शकतात. फलन घटलं ते कणांमुळे की त्यांतून सुटलेल्या रसायनांमुळे, हे या एका कंट्रोलशिवाय सांगताच येत नाही.

## ३. मापन: मिग्रॅ आणि एनटीयू यांची गल्लत

टर्बिडिटी मीटर प्रकाश किती विखुरला ते मोजतो आणि एनटीयू या गढूळपणाच्या एककात आकडा देतो; पाण्यात गाळ किती वजनाचा आहे ते नाही. बारीक कण वजनाच्या मानाने जास्त प्रकाश विखुरतात. त्यामुळे ५० मिग्रॅ/लिटर चिकणमाती आणि ५० मिग्रॅ/लिटर जाडसर पोयटा मीटरवर वेगवेगळे आकडे दाखवतात. दुसऱ्याच्या प्रबंधातलं एनटीयूचं समीकरण उचलून आपल्या पाण्याला लावणं चूक आहे. आपल्या गाळाच्या सहा-सात पातळ्या तयार करा, प्रत्येकीचं वजन आणि एनटीयू दोन्ही घ्या आणि आपली रेषा आपण काढा.

वजन काढायची पद्धत सोपी दिसते, पण तिथे मिठाने घात होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ३५ मिग्रॅ. फिल्टर ओला असताना त्यात नुसतं ०.३ मिली समुद्राचं पाणी उरलं, तरी वाळल्यावर दहा मिग्रॅ मीठ वजनात येतं. तुम्ही २० मिग्रॅ/लिटरचा एक लिटर नमुना गाळला असेल, तर उत्तर थेट दीडपट येईल.

१. काचतंतूचे फिल्टर आधी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, वाळवून, ०.१ मिग्रॅपर्यंत वजन करून ठेवा.

२. नमुना गाळण्याआधी बाटली हलवा. गाळ बसलेल्या बाटलीतून वरचं पाणी ओतू नका. हे सांगावं लागतं, कारण हे रोज घडतं.

३. गाळून झाल्यावर डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा. फिल्टरची कडही धुवा. मीठ कडेलाच लपतं.

४. १०३ ते १०५ अंशांवर वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा, वजन करा. वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा वाळवा.

तपासा: गाळ नसलेलं, बारीक गाळून घेतलेलं समुद्राचं पाणी याच पद्धतीने एका फिल्टरवर चालवा. वजन वाढलं तर तुमचं धुणं अपुरं आहे. या एका फिल्टरने अख्ख्या मालिकेचं खरं-खोटं कळतं.

स्टॉक, म्हणजे गाळाचं मूळ दाट मिश्रण, १० ग्रॅम/लिटरचा ठेवला तर हिशेब तोंडी होतो: १०० मिलीच्या बरणीत १ मिली स्टॉक म्हणजे १०० मिग्रॅ/लिटर. पातळ्या ०, १०, ३०, १००, ३०० अशा वाढत्या पटीत घ्या. ०, २०, ४०, ६० अशी समान अंतराची शिडी घेतली की परिणाम कुठे सुरू होतो तेच निसटतं. आणि शून्याच्या बरणीतही गाळ टाकलेल्या बरण्यांइतकंच साधं पाणी टाका, म्हणजे सगळीकडे एकूण पाणी सारखं राहील.

## ४. गाळ तरंगत ठेवणं

लेबलवर १०० मिग्रॅ/लिटर लिहिलं म्हणून प्रयोगभर तेवढा गाळ पाण्यात नसतो. ३० मायक्रोमीटरचा खनिज कण दहा सेंटिमीटर पाण्यातून साधारण दोन मिनिटांत तळाला जातो. चार मायक्रोमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी पावणेदोन तास लागतात. मग होतं काय, की स्थिर बीकरमध्ये ॲक्रोपोराची अंडी वर तरंगतात, गाळ खाली बसतो, दोघांची गाठच पडत नाही, आणि ‘काही परिणाम नाही’ असा निकाल लागतो.

हलवावं तर दुसरा धोका. फलन झालेल्या अंड्याला बाहेरून कवच नसतं. दोन-चार पेशींच्या अवस्थेत पाणी जोरात ढवळलं तर पेशी सुटतात आणि तुकड्यांतून छोटे छोटे भ्रूण तयार होतात. हे ॲक्रोपोरा मिलेपोरामध्येच दाखवलं गेलं आहे. चुंबकाचा ढवळ्या किंवा हवेचे बुडबुडे इथे चालत नाहीत.

तोडगा म्हणजे काठोकाठ भरलेल्या, झाकण घट्ट लावलेल्या बरण्या रोलरवर आडव्या ठेवून मंद फिरवणं. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा बरणीभर फिरतो आणि भ्रूण फोडतो. वेग इतकाच ठेवा की गाळाची पट्टी तळाशी साचणार नाही.

इशारा: गाळाशिवाय फिरवलेली बरणी आणि गाळाशिवाय स्थिर ठेवलेली बरणी, असे दोन कंट्रोल हवेतच. फिरवल्यानेच फलन किंवा भ्रूण बिघडत असतील तर ते गाळाच्या नावावर जाता कामा नये.

अंडी यायच्या आधी नुसता गाळ टाकून तीन तास बरण्या फिरवा. सुरुवातीला आणि शेवटी नमुना काढून वजन करा. शेवटचा आकडा निम्म्यावर आला असेल तर आधी रोलर सुधारा.

## ५. बीजोत्सर्जनाची रात्र

ही रात्र वर्षातून एकदा किंवा फार तर दोनदा येते. पाच पातळ्या, शुक्राणूंच्या तीन घनता, प्रत्येकी पाच बरण्या म्हटलं तरी ७५ बरण्या होतात, कंट्रोल वेगळे. हे दोघांचं काम नाही. आधी एकदा रंगीत तालीम करा, घड्याळ लावून.

१. वसाहती काही दिवस आधी टाकीत आणा. निदान पाच-सहा हव्यात, कारण ॲक्रोपोरात स्वतःच्याच शुक्राणूंनी फलन फार कमी होतं, आणि दोनच वसाहती असल्या तर त्यांचं आपसात जुळेलच असं नाही.

२. संध्याकाळी प्रत्येक वसाहत वेगळ्या टबमध्ये हलवा. पंप बंद. पांढरे दिवे बंद, लाल हेडलॅम्प वापरा.

३. पॉलिपच्या तोंडाशी गुलाबी ठिपके दिसू लागले की पुड्या तयार आहेत. इथून सुटायला साधारण अर्धा ते दोन तास. आता टबला धक्का लावू नका.

४. पुड्या वर आल्या की कपाने किंवा जाड तोंडाच्या पिपेटने हळूच उचला. खालचं पाणी कमीत कमी घ्या, त्यात चिकट स्राव असतो.

५. शंभर-दीडशे मायक्रोमीटरच्या जाळीवर हलक्या हाताने डोलवत पुड्या फुटू द्या. शुक्राणू खाली उतरतात, अंडी वर राहतात. प्रत्येक वसाहतीची अंडी आणि शुक्राणू अजून वेगळेच ठेवा.

६. अंडी शुक्राणू नसलेल्या गाळीव पाण्याने चार-पाच वेळा धुवा. जाळी कायम पाण्यात बुडलेली हवी. कोरडी पडली की अंडी फुटतात.

७. आता सगळ्या वसाहतींची अंडी एकत्र, सगळ्यांचे शुक्राणू एकत्र करा. सर्व बरण्यांना याच एका मिश्रणातून द्या.

धुणं नीट झालं की नाही ते कळायला काही बरण्यांत फक्त अंडी ठेवा, शुक्राणू न घालता. तिथे फलन दिसलं तर जाळीतून, हातावरून किंवा टबातून शुक्राणू आले आहेत. बाहेर काम करणाऱ्यांनी ताजं समुद्राचं पाणी त्या रात्री वापरूच नये. आदल्या दिवशी भरून, गाळून ठेवलेलं वापरावं. बाहेर समुद्रातही तीच रात्र चालू असते.

इशारा: सनस्क्रीन, डास पळवणारं मलम आणि साबण लावलेले हात पाण्यात घालू नका.

## ६. फलन: शुक्राणूंची घनता ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका

सगळ्या लेखातून एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

गाळ अंड्याला मारत नाही. तो शुक्राणूंना गुंतवतो. कण, चिकट स्राव आणि शुक्राणू यांची गुठळी होते आणि ती अंड्यापासून दूर खाली जाते. म्हणजे गाळामुळे प्रत्यक्षात शुक्राणूंची उपलब्धता घटते. आता बरणीत तुम्ही गरजेपेक्षा कितीतरी जास्त शुक्राणू टाकले असतील, तर निम्मे गेले तरी उरलेले पुरतात, आणि गाळाचा परिणाम शून्य दिसतो. मुळातच कमी टाकले असतील, तर थोडा गाळही भयंकर वाटतो. तोच गाळ, तीच जात, दोन उलट निकाल. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा आधी त्यांनी शुक्राणू किती घातले ते बघा.

ॲक्रोपोरात फलन सगळ्यात चांगलं होतं ते साधारण १ लाख ते १० लाख शुक्राणू प्रति मिली या पट्ट्यात. त्याच्या फार वर गेलं तर एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरून भ्रूण बिघडू शकतो. समुद्रात मात्र लाटांनी आणि प्रवाहाने शुक्राणू झपाट्याने पातळ होतात. म्हणून तीन घनता लावा: १० हजार, १ लाख आणि १० लाख प्रति मिली.

मोजणी हिमोसायटोमीटरवर, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीवर. शुक्राणूंच्या मिश्रणाचा थेंब फॉर्मालिनमध्ये (शुक्राणू मारून जागीच थांबवणाऱ्या द्रावणात) दहापट पातळ करा. एक चौरस मिमीच्या मोठ्या चौकोनात ८० मोजले, तर ८० गुणिले १० हजार गुणिले १०, म्हणजे ८० लाख प्रति मिली. १०० मिलीच्या बरणीत १ लाख प्रति मिली हवे असतील तर एकूण १ कोटी शुक्राणू लागतील, म्हणजे या मिश्रणाचे १.२५ मिली. मोजणारा माणूस वेगळा ठेवा, कारण याच वेळी बाकी सगळी धावपळ चालू असते. दुसरा थेंब फॉर्मालिन न घालता बघा: शुक्राणू पोहत असले पाहिजेत.

मग क्रम:

१. बरणीत पाणी आणि गाळ.

२. त्यात मोजलेले शुक्राणू.

३. मग अंडी, १०० मिलीला शंभर-दीडशे. जास्त अंडी टाकली तर अंडीच शुक्राणू संपवतात.

४. झाकण, रोलर, वेळेची नोंद.

दोन आणि तीनमधलं अंतर सगळ्या बरण्यांत सारखं ठेवा. पहिल्या बरणीत दोन मिनिटं आणि शेवटच्या बरणीत चाळीस मिनिटं शुक्राणू गाळात राहिले, तर तुम्ही गाळाऐवजी स्वतःचा वेग मोजत आहात. बरण्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. शून्यापासून तीनशेपर्यंत ओळीने भरू नका. शुक्राणू आणि अंडी सुटल्यापासून दोन-तीन तासांत सगळं उरका.

## ७. मोजणी

पहिलं विभाजन साधारण दोन तासांनी दिसतं. तीन ते चार तासांनी फॉर्मालिनने थांबवा आणि दोन ते आठ पेशी दिसणारी अंडी ‘फलित’ धरा. वेडीवाकडी, तुकडे पडलेली वेगळ्या रकान्यात. बरणीवरचं लेबल मोजणाऱ्याला दिसू नये. गाळाच्या बरणीत फलन कमी ‘दिसायला हवं’ असं मनात असलं की डोळे तसंच मोजतात.

नमुन्यांची संख्या म्हणजे बरण्यांची संख्या. पाच बरण्यांत ७०० अंडी मोजली म्हणून तुमच्याकडे ७०० स्वतंत्र नमुने नाहीत, पाच आहेत. परीक्षक याच मुद्द्यावर प्रबंध परत पाठवतात, आणि बरोबर करतात.

तपासा: १ लाख घनतेच्या, गाळ नसलेल्या फिरत्या बरणीत फलन ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर आलं का? खूपच कमी असेल तर अंडी, शुक्राणू किंवा वसाहतींची जोडी यात खोट आहे. गाळाचे निकाल त्या रात्रीपुरते बाजूला ठेवा.

## ८. भ्रूण

हा टप्पा थोडक्यात. पश्चिम ऑस्ट्रेलियात ॲक्रोपोरा डिजिटिफेरावर झालेल्या, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ५० आणि १०० मिग्रॅ/लिटर या दोन्ही पातळ्यांवर फलन घटलं, पण फलन झाल्यानंतर भ्रूणाची वाढ अडली नाही; पुढे अळ्यांचं जगणं आणि बसणं मात्र कमी झालं. भ्रूण स्राव सोडून आणि नंतर केसांसारख्या पक्ष्मांनी कण झटकून टाकू शकतात. म्हणून मनुष्यबळ कमी असेल तर भ्रूणाचा टप्पा सोडा आणि अळी बसण्यावर वेळ घाला.

## ९. अळी बसणं: थर कुठे आहे ते बघा

इथे एकक बदलतं. मिग्रॅ प्रति लिटर विसरा, मिग्रॅ प्रति चौरस सेंटिमीटर वापरा. हिशेब सोपा: दहा सेंटिमीटर पाण्यात ५० मिग्रॅ/लिटर गाळ असेल आणि तो सगळा बसला, तर थर ०.५ मिग्रॅ प्रति चौसेंमी. एक मीटर पाण्यात अवघा १० मिग्रॅ/लिटर असेल तर थर १ मिग्रॅ, म्हणजे दुप्पट. पाणी स्वच्छ दिसत असताना खडक झाकलेला असू शकतो तो असा. स्वच्छ दिवशी डुबकी मारून ‘पाणी छान आहे’ लिहिणाऱ्यांनी खडकावर बोट फिरवून बघावं.

१. टाइल्स समुद्रात किंवा वाहत्या टाकीत महिना-दोन महिने आधी ठेवा. त्यांच्यावर जिवाणूंचा थर आणि चुन्याचं कवच असलेलं गुलाबी शैवाल धरलं पाहिजे. अळीला बसायचा इशारा त्यातून मिळतो. कोरी टाइल ठेवून ‘अळ्या बसल्या नाहीत’ हा निकाल निरर्थक आहे.

२. अळ्या चार-पाच दिवसांच्या झाल्या की थोड्या काढून गुलाबी शैवालाच्या तुकड्यासोबत ठेवा. २४ तासांत बऱ्याच चिकटून रूपांतरित झाल्या तर त्या तयार आहेत. नाही तर आणखी एक दिवस थांबा.

३. टाइलवर गाळ आधी बसू द्या, मग अळ्या सोडा. ०, ०.५, १, ३, १० मिग्रॅ प्रति चौसेंमी अशा पातळ्या पुरतात. काही मिग्रॅंचा पातळ थरसुद्धा वरच्या पृष्ठभागावर बसणं कमी करतो.

४. टाइलला वरची, खालची आणि उभी अशा तिन्ही बाजू अळ्यांना मोकळ्या ठेवा, आणि मोजणी बाजूनिहाय करा.

चौथ्या पायरीवर निकाल उलटतो. वर गाळ असला की अळ्या खाली सरकतात. एकूण संख्या तीच राहते आणि अहवालात ‘परिणाम नाही’ येतं. पण गढूळ पाण्यात टाइलखाली काळोख असतो, आणि तिथे बसलेल्या पॉलिपला पुढे वाढायला उजेड कुठून मिळणार? वरच्या बाजूचा आकडा वेगळा द्याच.

आणखी एक गुंता: गाळाखाली आणि अंधारात गुलाबी शैवाल फिकं पडून मरतं. मग अळीला गाळाने हाकललं की मेलेल्या शैवालाने? एका संचात गाळ चाचणीच्या तोंडावर घाला, दुसऱ्यात आठवडाभर आधी घालून चाचणीआधी हळूच धुऊन काढा. दुसऱ्यातही बसणं कमी असेल तर शैवालाचा दोष.

इशारा: इथे उजेड मोजायचाच, आणि तो लक्स मीटरने नाही. लक्स माणसाच्या डोळ्याचं माप आहे. प्रकाशसंश्लेषणाला लागणारा उजेड मोजणारा क्वांटम सेन्सर पाण्याखाली, टाइलच्या पातळीवर ठेवा.

## १०. निकाल लिहिताना

गाळाचा उगम, कणांचा आकार, जैविक अंश, सुरुवातीचं आणि शेवटचं मोजलेलं प्रमाण, शुक्राणूंची घनता, वसाहतींची संख्या, तापमान, बरण्यांची संख्या. यातलं एक जरी वगळलं तरी तुमचा आकडा दुसऱ्याला वापरता येत नाही. फलन १० टक्क्यांनी आणि ५० टक्क्यांनी घटवणारं प्रमाण, दोन्ही त्यांच्या अनिश्चिततेसह द्या. ‘सुरक्षित पातळी’ हा शब्द टाळा. एका गाळाची, एका जातीची, एका रात्रीची ती पातळी आहे.

## कोकणच्या किनाऱ्यावर काय बदलेल

१९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातले प्रवाळ मुख्यतः पोरायटिससारखे दगडी, गाळ सोसणारे आहेत. पोरायटिसच्या बहुतेक वसाहती नर किंवा मादी अशा वेगळ्या असतात, त्यामुळे वरची पुड्या गोळा करायची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. ज्या जाती अळ्या अंगातच वाढवून सोडतात त्यांच्यासाठी वरचा पाचवा ते आठवा भाग गैरलागू. थेट नवव्यापासून सुरू करा, आणि मातेला किती गाळ-उजेड मिळाला याची नोंद महिनोन्‌महिने ठेवा.

‘इथले प्रवाळ गढूळ पाण्यातच वाढतात, त्यांना काही होत नाही’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मोठी वसाहत गाळ झटकते, उपाशी राहून तग धरते. पण ती तग धरते म्हणून तिची अळी गाळाने माखलेल्या खडकावर बसते असं होत नाही. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ हलवले गेले. अशा ठिकाणी वसाहती जगल्या का, एवढंच विचारणं पुरेसं नाही. आसपासच्या खडकावर नवे पॉलिप बसताहेत का, तेही मोजा.

वार्षिक सरासरीही इथे फसवते. जून ते सप्टेंबर नद्यांचा लाल गाळ येतो आणि सरासरी वर ढकलतो. मन्नारच्या आखातात ॲक्रोपोराचं बीजोत्सर्जन मार्चच्या सुमारास नोंदलं गेलं आहे. तुमच्या जातीची वेळही पावसाच्या आधी असेल, तर तेव्हाचा उपसा आणि तेव्हाचा गाळ मोजायला हवा, पावसाळ्यातला नाही. मोजमाप रोजचं हवं, निदान त्या पंधरवड्यात तरी. महिन्यातून एकदा बाटली भरून आणली तर ती नेमकी रात्र हुकतेच.

पश्चिम ऑस्ट्रेलियात मोठ्या ड्रेजिंगला मंजुरी देताना बीजोत्सर्जनाच्या दिवसांत काम थांबवण्याची अट घातली जाते. तशी अट इथल्या अहवालात सुचवायची असेल, तर जात, महिना, पौर्णिमेपासूनच्या रात्री आणि त्यानंतर अळ्या बसेपर्यंतचे दिवस लिहून द्या. नुसतं ‘प्रजनन काळात काम बंद ठेवावे’ लिहिलं तर ड्रेजर कोणत्या तारखेला थांबवायचा हे ठेकेदाराला कळत नाही, आणि तो थांबवतही नाही.